मध्यंतरापर्यंतचे परीक्षण

उत्तरेश्वर सर केजच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतात. यंदा अकरावे वर्ष. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत आणि तोच वर्ग.

लेखनकौशल्याच्या पाठात ते एका चित्रपट परीक्षणाची झेरॉक्स वाटतात. त्यावर लेखकाचे नाव नाही. समीक्षक वाचकाला पटवतो कसा, हे मुलांनी शोधायचे असते. प्रत्यक्षात सर उत्तर सांगतात आणि मुले उतरवून घेतात. ‘आपण’ म्हणत वाचकाला सोबत घेणे, बारीक तपशील देऊन विश्वास मिळवणे, मग निर्णय देणे. शेवटचे वाक्य ठरलेले: समीक्षक विश्वासार्ह आहे.

प्रियदर्शनी हे उतरवून घ्यायला वर्गात नव्हती. मार्चपर्यंत ती आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती. परत आली तेव्हा परीक्षा चार दिवसांवर होती आणि हाती फक्त झेरॉक्स. अंतर्गत गुण गेले तर वर्ष जाणार होते. तसे बापाने बजावूनच ठेवले होते.

तिने लिहिले: “समीक्षकाने दिलेले सातही प्रसंग नायिका गाव सोडते तिथवरचे आहेत. पुढच्या भागाला केवळ ‘हृदयस्पर्शी’ आणि ‘अविस्मरणीय’. जो पाहतो तो सांगतो, न पाहणारा स्तुती करतो. समीक्षक मध्यंतरात उठून गेला असावा, अशी शंका येते.”

सरांनी वीसपैकी अठरा दिले. गुणांची फेरतपासणी करणारे विभागप्रमुख पंडित सर यांनी त्यांना बोलावून विचारले, की नमुना उत्तराशी एकही ओळ जुळत नसताना हे कशाच्या आधारावर?

“उत्तर बरोबर हाय, सर. परीक्षण माझंच हाय. वर्तमानपत्राला लिहीत होतो तवाचं. परळीहून आमच्या वडगावची शेवटची एसटी आठला होती. मध्यंतरालाच उठलो.”

पंडित सरांनी झेरॉक्स पुन्हा वाचली.

“अन् अकरा वर्षं तेच शिकवता. म्हंजे पिक्चर अर्धा, अन् धडा पूर्ण.”

सरांनी मान हलवली. कारण लेखी द्या, असे प्रमुखांनी सांगितले. ही हकीकत लिहिण्यापूर्वी ती उत्तरपत्रिका मी पाहिली आहे. समासात लाल शाईत दोन वाक्ये आहेत: “समीक्षक मीच. उत्तरार्ध पाहिलेला नाही.” खाली सही आहे, ती हजेरीपटावरच्या सहीशी जुळते. वर्तमानपत्राचा मूळ अंक मात्र मिळाला नाही. परीक्षण छापले गेले होते, याला सरांच्या शब्दाखेरीज पुरावा नाही.

गुण कायम राहिले. उत्तरपत्रिका दाखवण्याच्या दिवशी प्रियदर्शनीने समास वाचला, पुन्हा वाचला. मग तिने एवढेच विचारले, “दोन मार्क कावून कापले, सर?”

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“एवढा पुरावा हाती असताना नुसती शंका कशाला घेतलीस?” ते म्हणाले, आणि पुढची उत्तरपत्रिका उचलली.