सात नंबरच्या गालावरचे ठिपके

"व्हाइट स्पॉट है मॅडम. दोनों जायेंगे. आजच दवा चालू करा," उल्हासनगरच्या शोभेच्या माशांच्या दुकानदाराने सांगितलं. मासा त्याने पाहिला नव्हता. मी फक्त वर्णन केलं होतं: गालांवर पांढरे बारीक ठिपके, आणि दोन दिवस दुसऱ्या माशाच्या मागे सारखा धावतोय.

व्हाइट स्पॉट म्हणजे माशाच्या अंगावर बसणारा एक परजीवी. मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके येतात आणि लागण झपाट्याने पसरते. दुकानदार भला माणूस होता. त्याने निळ्या औषधाची बाटली दिली, जाडं मीठ दिलं, पाणी गरम ठेवायला हीटर दिला. मी सगळं घेऊन बदलापूरला परतले.

तिथल्या बेलवली भागातल्या घरात तेव्हा मी आणि आई दोघीच. मी अंबरनाथच्या शाळेत शिकवत होते. आईचं आयुष्य सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेलं होतं. रिटायर झाल्यावर तिला घर खायला उठलं, म्हणून मी दोन गोल्डफिश आणले. तिने त्यांना नावं दिली नाहीत, खाटांसारखे नंबर दिले. सात आणि आठ. सकाळी उठून ती आधी त्यांची विचारपूस करायची, मग माझी. आजारी पडला होता तो सात नंबर.

मी त्याला टाकीतून काढून प्लास्टिकच्या टबात ठेवलं. औषध, मीठ, हीटर, सगळं सांगितल्याप्रमाणे. पहिल्या दिवशी त्याने खाणं सोडलं. दुसऱ्या दिवशी तो तळाशी पडून राहिला. आजार अंगात मुरला असणार, असं समजून मी औषध थोडं वाढवलं.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तो पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता. मी पुन्हा बाटली उचलली.

"थांब," आई म्हणाली. "ठिपके किती आहेत?"

"ते काय मोजायचं असतं?"

"मी मोजलेत. डाव्या गालावर सहा, उजव्यावर आठ. काल तेवढेच, परवाही तेवढेच. अंगावर एक नाही, शेपटीवर एक नाही. पसरणारा रोग असा गालावर बसून राहील?"

"अगं, दुकानदार रोज मासे बघतो."

"हा मासा बघितला त्याने?"

मला राग आला. खरं तर भीती वाटत होती. तो गेला तर आई रिकाम्या टबाकडे बघत बसेल, हे मला दिसत होतं. पण मी बाटली खाली ठेवली.

शाळेतल्या शिपायांनी एकदा पालेगावच्या एका म्हाताऱ्या काकांबद्दल सांगितलं होतं. ते शेतात सिमेंटच्या टाक्या बांधून गोल्डफिशची पैदास करत. सात नंबरला स्वच्छ पाण्याच्या पिशवीत घालून आम्ही दोघी रिक्षाने निघालो. पिशवी आईच्या मांडीवर होती. रस्ताभर ती रिक्षावाल्याला "हळू घे रे बाबा" म्हणत होती.

काकांनी पिशवी उन्हाकडे धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पिशवी फिरवून दोन्ही गाल पाहिले. मग विचारलं, "दुसरीच्या मागं लागतो काय?"

"हो, सारखा."

"मग याला काय झायला नाय, ताई. नर हाय हा. वयात आलाय."

गोल्डफिशच्या नराला विणीच्या दिवसांत गालांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर असे ठिपके येतात. त्यांना ब्रीडिंग स्टार्स म्हणतात. तो आजार नव्हे, ऋतू. हे मला त्या दिवशी कळलं.

"मग धापा का टाकतोय?" मी विचारलं.

"टबात हवेचा पंप व्हता?"

नव्हता. गरम पाण्यात हवा कमी राहते, त्यात मीठ, वाढवलेलं औषध, आणि तीन दिवस न बदललेलं घाण पाणी. आजार नव्हताच. जो झाला तो मी केला होता.

"आता जगंल का?" आईने विचारलं.

"दवा बंद. थंड साफ पानी, पंप चालू. बाकी त्याच्यावर. दोन दिस काय सांगता येनार नाय."

परतताना मी रडले. आई म्हणाली, "वॉर्डातही व्हायचं असं. नातेवाईक समोर उभे असले की काहीतरी करावंसं वाटतं, म्हणून करत राहतो. माझ्याही हातून झालंय." याहून जास्त तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दोन दिवस आम्ही पाणी थोडं थोडं बदलत राहिलो. तिसऱ्या सकाळी त्याने सोललेल्या वाटाण्याचा तुकडा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. रविवारी त्याला टाकीत सोडलं. एक पर कायमचा फाटका राहिला. ठिपके पुढे आपोआप गेले.

तुमच्या घरी असं कोणी आजारी वाटलं, तर एवढंच सांगेन: औषधाआधी एक दिवस नुसतं बघा, आणि ज्याने बघितलंय त्याचं ऐका. त्या काकांचे आणि आईचे उपकार मी विसरणार नाही.

महिन्याभराने आईला खोकला झाला. मी सवयीने पर्स घेतली आणि मेडिकलमधून सिरप आणायला निघाले. दारातून परत आले, तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "कधीपासून आहे?"

तिला सांगायला अर्धा तास लागला. खोकल्याचं त्यात थोडंच होतं.