सोळाच्या वेगावरचे साधू

चहा घ्या, निवेल. तोवर मी तुम्हाला माझी एक फजिती सांगते. मात्र मध्ये हसू नये, कारण मी ती क्रमाने सांगणार आहे.

या बाईंच्या हातून चूक होत नाही, अशी जिंतुरात माझी ख्याती. मी जुनी मॅट्रिक. दुकानांच्या पाट्यांवरील ऱ्हस्व-दीर्घ मी उभ्या उभ्या दुरुस्त करवून घेतले आहेत. अशा बाईने एक तबकडी महिनोन्‌महिने चुकीची ऐकावी, हे तुम्हाला खरे वाटेल का?

तबकडी आमच्या उज्ज्वलाची. ती औरंगाबादला वसतिगृहात राहून शिकत होती. मैत्रिणीच्या घरी ऐकून आवडलेली ती परदेशी तबकडी तिने कायमची मागून घेतली आणि सुट्टीत घरी आणून ठेवली. आमचे तबकडी वाजवायचे यंत्र नेमके दुरुस्तीला गेलेले, म्हणून ती न ऐकताच, तबकडी इथेच ठेवून वसतिगृहावर परत गेली.

वेष्टनावर पाच जण. पाचांचेही केस खांद्याखाली, चौघांना दाढ्या, डोळे अर्धवट मिटलेले. त्या काळी परदेशी लोक जटा वाढवून आपल्याकडे फिरत असत. मी समजले, साधू. मधला बिनदाढीचा, तो बालशिष्य.

यंत्र दुरुस्त होऊन आले. त्यावर वेगाचे चार आकडे: सोळा, तेहतीस, पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर. तबकडीवर छापले होते, तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश. आता मला सांगा, एसटीच्या पाठीवर वेगमर्यादा साठ लिहिलेली असते, म्हणून शहाणा चालक साठनेच नेतो का? तो मर्यादेच्या आत राहतो. शिवाय वस्तू हळू वापरली की झिजत नाही, हे आमच्या आईने शिवणयंत्रापासून जात्यापर्यंत शिकवलेले. मी आकडा सोळावर आणला.

आणि काय सांगू तुम्हाला, दुपारच दुसरी झाली. जेवणे उरकलेली, खिडकीच्या पडद्यातून गाळलेले ऊन फरशीवर पसरलेले, आणि विहिरीच्या तळातून यावा तसा तो खोल, घोगरा आवाज. एका शब्दाकडून दुसऱ्याकडे जायला ते साधू इतका वेळ घेत की, तेवढ्यात माझे माहेर येऊन जाई. चुडाव्याचे स्टेशन, फलाटाजवळचा लिंब, निघून गेलेल्या गाडीचा विरत जाणारा धूर. मागे वाद्ये अशी गुंजत, जणू येलदरी धरणाचे पाणी झोपेत कुशीवर वळते आहे.

आमचे हे त्याच येलदरीच्या वीजगृहातून निवृत्त झालेले. यंत्रांच्या घरघरीत कान मंदावलेले. मी विचारले, "कसे वाटते?"

"काही लागलंय का?" एवढेच म्हणाले.

सोमवारी महादेवाला अभिषेक करून आमच्या मंडळाच्या बायका घरी येत. त्यांनाही मी डोळे मिटून साधूंपुढे बसवू लागले. शेजारच्या प्रयागबाई शेतातून थकून आलेल्या असत. म्हणाल्या, "लय गुंगी यायलीय बघा, बाई."

"ही गुंगी नव्हे, प्रयागबाई. समाधी आहे."

"असंल. पण घोरले तर हालवा मला."

अशात उज्ज्वलाचे पत्र आले. स्नेहसंमेलनात गिटारवाल्या मुलांच्या पुढे उभे राहून गायचे आहे, परवानगी हवी. मी पोस्टकार्ड धाडले: 'मुलीने मंचावर आरडाओरडा करणे मला मान्य नाही. तुझ्या तबकडीतील गायकाप्रमाणे गाणार असशील, तर मात्र अवश्य उभी राहा.' पूर्णविराम दिला आणि निश्चिंत झाले. तो संयम या जन्मी तिला साधणारा नव्हता.

पुढच्याच सोमवारी पोरगी दारात. नामांतराच्या आंदोलनामुळे एसटीचा भरवसा नव्हता, तरी दोन गाड्या बदलून आलेली. चेहरा फुललेला. आत आठ बायका डोळे मिटून बसलेल्या.

"आई, हे काय चाललंय?"

"हळू बोल. साधू गात आहेत."

"कोणते साधू?"

मी वेष्टनावरील सर्वांत मोठ्या दाढीवर बोट ठेवले.

"तो ढोल बडवतो, आई."

"मग गातो कोण?"

उज्ज्वलाने बालशिष्यावर बोट ठेवले. "ही." आणि आकडा तेहतीसवर फिरवला.

त्यानंतर जे झाले त्याला गाणे म्हणावे की नाही, हे मी तुमच्यावर सोडते. आमचे साधू एका क्षणात नाहीसे झाले आणि एक बाई छाती भरून गर्जू लागली. पितळी भांड्यांची मांडणी थरथरली. प्रयागबाई ताडकन उठल्या. "धरण फुटलं का ओ?"

आरामखुर्चीतून ह्यांनी मान उचलली. "आज पहिल्यांदा नीट ऐकू आलं. कोण आहे ही? दमदार गाते."

उज्ज्वला हसत नव्हती. तिने पिशवीतून माझे पोस्टकार्ड काढून सर्वांसमोर वाचले. "हे वाचून मी वसतिगृहभर नाचले, आई. मला वाटलं, तुला ही आवडली. शनिवारी नाव द्यायचंय. आता देऊ की नको, ते सांग."

बायका माझ्याकडे पाहत होत्या. प्रयागबाईंनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट केले. "अक्षर तर तुमचंच हाय की, बाई. लिव्हलेलं आता कसं पुसता?"

मी कार्ड पाहिले. एकही वेलांटी चुकलेली नव्हती. स्वतःची सही खोटी पाडणे आम्हाला शिकवलेले नाही.

"नाव दे," मी म्हणाले. "मात्र उच्चार स्पष्ट असावेत."

ती गायली. उच्चार स्पष्ट होते. पहिल्या रांगेत मी कानांत जिंतूरचा कापूस घालून बसले होते. दुसऱ्या गाण्याला तो काढला.

परवा ती तबकडी पुन्हा बाहेर काढली. आधी तेहतीसवर लावली, उज्ज्वलाच्या मानासाठी. बाई खरोखरच चांगली गाते. मग उठून दार लोटले आणि आकडा सोळावर आणला. ऊन फरशीवर तसेच पसरले, चुडाव्याची गाडी तशीच धूर सोडून गेली.

एवढ्यात, बाईचा आवाज एकाएकी बंद झालेला पाहून, लोटलेल्या दाराबाहेरून ह्यांनी विचारले, "बुवा आले वाटतं? चहा एक कप जास्त टाकू का?"