रुद्रप्पांचे बावीस मासे

पडदा वर जातो तेव्हा सकाळचे सव्वानऊ झालेले असतात. अक्कलकोट रोडवरच्या आमच्या तीन मजली इमारतीची गच्ची. मागे दोरीवर वाळत घातलेल्या दोन चादरी, डावीकडे भाड्यानं आणलेल्या खुर्च्यांच्या चार रांगा. मधोमध उन्हात एक मोठी निळी टाकी. तिच्यावर लोखंडी घोडीवर खडीनं भरलेले दोन पसरट टब, आणि त्या खडीत पालक, पुदिना, गुडघ्याएवढी टोमॅटोची रोपं. टाकीत बावीस शोभेचे मासे, नारिंगी आणि पांढरे. टाकीशेजारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, कपाळावर विभूती लावलेले रुद्रप्पा.

एकतीस वर्षं मी नाटक कंपनीतून गावोगाव फिरले. तिसऱ्या घंटेआधी घाबरलेला नट मी शेकडो वेळा पाहिला आहे. रुद्रप्पांचा चेहरा तसा नव्हता. विंगेत माणूस कोसळलाय आणि पडदा उघडलाय, तेव्हा होतो तसा होता.

रुद्रप्पा एमआयडीसीतल्या कापडाच्या कारखान्यात चौतीस वर्षं जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करणं आणि कामगारांना माग नेमून देणं हे त्यांचं काम. मागांच्या खडखडाटात डावा कान गेला, पण मोटरीवर हात ठेवला की तिचं दुखणं त्यांना कळायचं. निवृत्त झाल्यावर तो हात रिकामा राहीना. फोनवर कुठंतरी ही मासे आणि भाजी एकत्र वाढवायची पद्धत पाहिली आणि दोन वर्षं गच्चीवर खपून त्यांनी ती उभी केली. मला त्यांनी ती सांगितली ती अशी : "प्रेमलाक्का, मासे घाण करत्यात. पंप ते पाणी वर खडीत नेतोय. खडीतले जंतू घाणीचं खत करत्यात, रोपं ते खात्यात, आन् निवळलेलं पाणी परत खाली माशांला. माती न्हाय, आन् पाणी तेच तेच फिरतंय की." जिथं नळ चार-पाच दिवसांआड येतो, तिथं ही लहान गोष्ट नव्हे.

पण इमारतीतली सोळा घरं, बहुतेक लिंगायत. मांसमच्छी कुणाच्या उंबऱ्याला ठाऊक नाही. अध्यक्ष चनमल्लप्पा, दुधनीला आडत होती त्यांची, भर बैठकीत म्हणाले, "आज पाळतोयस रुद्रप्पा, उद्या तळशील."

"तुमच्या गोठ्यात चार म्हशी हुत्या," रुद्रप्पा म्हणाले. "त्या काय तळायला हुत्या व्हय?"

लोक हसले, पण प्रश्न मिटला नाही. शेवटी ठरलं : रविवारी सगळ्यांसमोर दाखवायचं, मग हात वर करून निकाल. निकाल विरुद्ध गेला तर त्याच संध्याकाळी टाकी खाली उतरवायची. प्रास्ताविक माझ्याकडे आलं.

आणि आता रुद्रप्पा माझ्या कानाशी वाकून म्हणत होते, "मासे वर यायलेत."

मी टाकीत डोकावले. बावीस तोंडं पाण्याच्या वर, उघडत-मिटत. एक पांढरा मासा कलला होता.

घडलं होतं ते असं. पहाटे पाचला नळ आला. आमच्याकडे नळ आला की बाई आधी पिंपातलं शिळं पाणी ओतते, मग ताजं भरते. शिळं पाणी ठेवणारं घर आळशी, असा इथला हिशेब. रुद्रप्पांच्या बायको शिवम्मा दोन वर्षांत एकदाही गच्चीवर फिरकल्या नव्हत्या. त्या पहाटे मात्र, माणसं बघायला येणार, नवऱ्याच्या टाकीतलं पाणी चहासारखं दिसतंय, नाव आपल्या घराचं जाईल, म्हणून वर आल्या. अर्ध्याहून जास्त पाणी ओतलं आणि पाइप लावून ताजं भरलं. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. माणसाला ते चालतं, माशांचे कल्ले जाळतं.

"मी बोलणं लांबवते," मी पुटपुटले. "तोवर काही करता येईल."

"नको अक्का. झाकून न्हाय दाखवायचं."

रुद्रप्पा पुढे आले. "मंडळी, खेळ बिघडलाय. टाकीत नळाचं ताजं पाणी पडलंय. मासे मरायलेत. हातात अर्धा तास हाय."

खुर्च्या करकरल्या. चनमल्लप्पा उभे राहिले. "कुणी घातलं?"

शिवम्मा मागच्या रांगेत होत्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलेलं मला दिसलं.

"माझ्या घरातनं घातलं. म्हंजी मीच घातलं," रुद्रप्पा म्हणाले. "चारपाच दिवसांचं, उघड्या पिंपातलं शिळं पाणी पायजे. त्यातलं औषध उडून गेलेलं असतंय. कुणाच्या घरात हाय?"

कुणी हलेना. निम्म्यांनी पहाटेच ओतलं होतं. उरलेल्यांना चारचौघांत कबूल कोण करणार?

"आमच्यात कोण ठेवतंय शिळं!" सोनाबाई मान उडवून म्हणाल्या.

पांढरा मासा पूर्ण उलटला. रुद्रप्पांनी हात घालून त्याला सरळ केलं. तो पुन्हा उलटला.

"आमच्यात हाय." चनमल्लप्पांची सून महेश्वरी. "दोन पिंपं भरून. आज नळाला आमच्यात कुणी उठलंच न्हाय."

"महेश्वरी!" सासऱ्यांचा आवाज.

"मामंजी, गजर तुमीच बंद केला की!"

हशा फुटला आणि त्या हशात माणसं उठली. दुसऱ्या मजल्यापासून गच्चीपर्यंत जिन्यात रांग लागली. बादल्या, घागरी, कळशा हातोहात वर. रुद्रप्पा नळीनं टाकीतलं पाणी बाहेर काढत होते आणि ओरडत होते, "सावकाश! एकदम न्हाय! कडंकडंनं घाला!" त्यांच्या शर्टाची इस्त्री केव्हाच गेली होती. एक मासा गेला. दुसरा गेला. सोनाबाईंच्या कडेवरही कळशी आली. कुठून भरली, मी विचारलं नाही. तिसरा, चौथा. मग बराच वेळ एकही मासा मेला नाही, तरी कुणी खाली बसेना. साडेदहाला तोंडं पाण्याखाली गेली. पाचवा तेवढ्यात मेलेला हाताला आला.

सतरा उरले.

मोकळी घागर धरून शिवम्मा टाकीपाशी उभ्या होत्या. कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, "पाणी मी ओतलं. त्यांनी न्हाय."

"तुला कुणी इचारलं?" रुद्रप्पा म्हणाले.

"इचारायला कशाला पायजे? मीच ओतलं."

चनमल्लप्पांनी कपाळाचा घाम पुसला. मत घेणं त्यांच्याकडे होतं. त्यांनी ते टाळलं नाही. सोळा घरांपैकी दहा हात वर झाले. त्यांचा स्वतःचा खालीच होता. महेश्वरीचा वर होता, पण घरातून एकच मत, म्हणून तो त्यांनी मोजला नाही.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. वही मांडीवर घेतली. "पण एक नाव लिवणार मी. फुडं काय झालं तर कुणाला धरायचं? घरातलीच माणसं असं करायला लागल्यावर कुणाच्या भरवशावर सोडायचं हे?"

रुद्रप्पांनी पाच मासे ओल्या पंचात गुंडाळले होते. तो पंचा त्यांनी घोडीच्या कडेला ठेवला, हात शर्टाला पुसले आणि शिवम्माकडे पाहिलं.

"शिवम्माचं नाव लिवा," ते म्हणाले. "कारखान्याच्या शेडात ज्याच्या हातनं कापडाचा तागा बिघडायचा, दुसऱ्या दिवशी त्यालाच मी तो माग द्यायचो."