पेल्यावरची बशी

"पाणी उडून राहिलं ना बापा," म्हणत काका तुमच्या पेल्यावर बशी ठेवायचे. तुम्ही दोन घोटांच्या मध्ये असलात तरी.

रायपूरच्या चौबे कॉलोनीत आमच्या समोर राहायचे. रेल्वेतून रिटायर. शहर राजधानी झालं आणि नळाचं पाणी बंगल्यांकडे वळलं; आमच्या गल्लीत टँकर येईल तेव्हा खरा. आम्ही पत्रकं छापली, मोर्चे काढले. काकांनी भांडण काढलं ते सूर्याशी. बादलीवर ताट, ताटावर वीट.

"काका, पाणी उडत नाही, पळवतात," मी चिडून म्हणायचो.

"पळवलेलं तू आण. उडणारं मी पाहतो."

कारण काकू होत्या. अर्धांगवायूनं खाटेवर, आणि रायपूरच्या मे महिन्यात त्यांचा जीव त्या एका कूलरवर. कूलर किती बादल्या पितो, तुम्हाला सांगायला नको.

पाण्यावर तेलाचा तवंग असला की वाफ होत नाही, असं काकांनी कुठंतरी वाचलं. कूलरच्या टाकीत त्यांनी खोबरेलाची अख्खी बाटली ओतली. पंपानं ते जाळीतल्या घासेवर, कूलरच्या त्या गवतावर, चढवलं. घास पाणी धरेना. खोलीभर गरम वारा आणि कोणाची तरी वेणी घालणं चालल्यासारखा वास. टाकी मात्र फारशी उतरली नव्हती. काका बोट बुडवून खूश.

"अहो," काकू म्हणाल्या, "पाणी वाचून राहिलं, मी उकडून राहिली."

पाणी उडतं म्हणूनच वारा थंड होतो, हे मी समजावलं. काकांनी मान डोलावली. मग "हव" म्हणाले आणि भर उन्हात गोल बाजारातून नवी घास घेऊन आले. त्या उन्हाळ्यात स्वतः ओल्या पंच्यानं अंग पुसून भागवलं, कूलर मात्र काठोकाठ. "उडू दे," म्हणायचे.

काकू थंडीत गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात टँकर आला, गल्ली धावली, काका खाली उतरले नाहीत. मी त्यांच्या वाट्याची बादली भरून वर नेली. कूलर बंद, टाकी कोरडी, तळाशी क्षाराचा पांढरा थर.

"बस," म्हणाले. पेलाभर पाणी दिलं.

मी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि सवयीनं थांबलो. काका खिडकीबाहेर बघत होते. बशी आली नाही.