चव्वेचाळीस बसून, अकरा उभे

रिकामी जागा सोडली तर आमच्या मामेसासऱ्यांचं या जगात कशाशीही वैर नाही. बायकोचे हे सख्खे मामा एसटीत कंडक्टर होते. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण निवृत्तीचा तो कागद त्यांनी अजून उघडून वाचलेला नसावा असा माझा संशय आहे. कुठंही चार माणसं घुटमळताना दिसली की त्यांचा आवाज सुटतो, "सरका, सरका, मागं सगळं रिकामं हाय!" रोह्याच्या त्यांच्या घरी पाहुणे आले तरी ते खुर्चीवर बसत नाहीत. दाराच्या चौकटीला पाठ लावून, एक पाय उंबऱ्यावर ठेवून उभे राहतात आणि आलेल्याला "या, बसा" म्हणायच्या ऐवजी "कुठं जायचं?" असं विचारतात. माणूस त्यांच्याच घरी आलेला असतो, तो बिचारा काय सांगणार? देवळात गर्दी झाली की मामा देवाकडे पाठ करून लोकांना गाभाऱ्यापर्यंत सरकवून देतात आणि स्वतः दर्शन न घेता घरी येतात. लग्नाच्या पंगतीत पानं मांडायचं काम पहिल्यापासून त्यांच्याकडे, आणि मांडव केवढाही असला तरी त्यांचं गणित एसटीच्या पाटीवरचंच, चव्वेचाळीस बसून, अकरा उभे. एकदा कुणीतरी विचारलं, "मामा, उभ्यानं कसं जेवणार हो?" मामा म्हणाले, "आता उभं राहा. कुणी उतरला की जागा होईल." पुढं बुफे आला तेव्हा त्यांना फार आनंद झाला. सगळेच उभे!

माझं लग्न रोह्याला झालं. वरात सजवलेल्या गाडीतून पेणला निघाली तेव्हा "नागोठण्यापर्यंत सोडतो" म्हणून मामा ड्रायव्हरशेजारी बसले. मागं मी आणि ही. निडीच्या फाट्यावर एका म्हातारीनं हात केला. मामांनी समोरच्या डॅशबोर्डवर बोटानं एकदा टक् केलं, आणि काय सांगू, ड्रायव्हरनं गाडी उभी केली! एसटीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे चल, हे रायगडात कुणाला शिकवावं लागत नाही. म्हातारी आमच्या दोघांच्या मधोमध बसली. मांडीवर पिशवी, पिशवीतून कोंबडीची मान बाहेर, आणि ती कोंबडी माझ्या मुंडावळ्यांकडे टक लावून बघतेय. थोड्या वेळानं म्हातारीनं हिला विचारलं, "कुणाचं लगीन हाय गो?" ही म्हणाली, "आमचंच." मी तणतणलो, तर मामा मागं वळून म्हणाले, "जावईबापू, गाडीत जागा हाय, रस्त्यात माणूस हाय. मग?" या 'मग?'चं उत्तर मला वीस वर्षांत सापडलेलं नाही. पुढं मी स्वतःची गाडी घेतली, पण मामा बरोबर असले की ती माझी राहत नाही. वडखळ आलं की वडखळ, नागोठणं आलं की नागोठणं असा पुकारा होतो, मासळीच्या पाट्या चढतात, शाळेची पोरं चढतात, आणि मी, एका हायस्कुलात गणित शिकवणारा इज्जतदार माणूस, आपल्याच गाडीचा ड्रायव्हर होऊन बसतो.

एवढ्या बोलक्या माणसाला मित्र एकच, आणि तो मुलखाचा अबोल. तो पेणजवळच्या जोह्याचा. जोह्यात भाताच्या खाचरांच्या कडेकडेनं गणपतींचे कारखाने आहेत आणि शेडीशेडीतून बिनडोळ्यांचे गणपती ओळीनं बसलेले असतात. मूर्ती कितीही देखणी असू दे, डोळ्यांची आखणी होईपर्यंत ती माती. मामांचा हा मित्र ती आखणी करायचा आणि घरी ओळखीच्यांचे थोडे गणपतीही करायचा. आम्ही सगळे त्यांना आखणीकाका म्हणायचो. तरुणपणी ते मामांच्या बसनं रोज पेणच्या कारखान्यात कामाला जायचे. मामा बोलायचे, काका ऐकायचे, आणि बहुतेक त्यामुळंच मैत्री टिकली. एकदा बस पंक्चर होऊन उभी होती तेव्हा काकांनी पिशवीतून रंग आणि कुंचला काढून मामांच्या तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीवर दोन डोळे काढून दिले. फक्त डोळे, बाकी काही नाही. ती पेटी पुढं मोडीत निघाली तेव्हा मामांनी मागून घेतली. आजही कपाटावरून ती सगळ्या घराकडे बघत असते. मामा म्हणतात, "हे डोळे काढल्यापासून नोकरीत एक पैसा इकडचा तिकडं करायची सोय राहिली नाय."

तीन वर्षांपूर्वी गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले नसतील, काकांच्या जिभेच्या कडेला बरेच महिने बरी न होणारी जखम होती ती कॅन्सरची निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिन्याभरात ऑपरेशन करा, मग रेडिएशनचे शेक घ्यावे लागतील, उशीर केलात तर आमच्या हातात काही नाही. सरकारी योजनेतून थोडं भागत होतं, सगळं नाही. काकांनी ते सगळं ऐकून घेतलं, घरी आले आणि घरामागच्या आपल्या छोट्या शेडमध्ये माती भिजवायला बसले. काकींना एवढंच म्हणाले, "कुणापुढं हात पसरायचा नाय. व्हायचं ते होईल."

गावानं हात आखडला नव्हता. डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामाला जाणाऱ्या पोरांनी एकेका शिफ्टचा पगार द्यायचं ठरवलं, कुणी क्रिकेटचे सामने लावायचं म्हणालं. मामांनी तर कुणाला न विचारता काकांच्या फोटोचा भला मोठा फ्लेक्स करून जोह्याच्या थांब्यावर लावला. वर 'मदतीचे आवाहन', खाली हात जोडलेले. हात काकांचे नव्हते, फ्लेक्सवाल्यानं दुसऱ्याच कुणाचे तरी चिकटवले होते. संध्याकाळी काका स्वतः आले, फ्लेक्स सोडला, घडी घालून घरी नेला आणि परसातल्या लाकडांवर अंथरला. मामा भांडायला गेले तेव्हा काका म्हणाले, "जाड हाय. लाकडं भिजणार नायत." त्यानंतर दोन दिवस मामा कुणाशी बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत हे म्हणजे तापापेक्षा वाईट लक्षण.

तिसऱ्या दिवशी ते आमच्याकडे पेणला आले. हिनं आमच्या गणपतीचा पाट धुऊन अंगणात उन्हात लावला होता. मामा त्या पाटासमोर उभे राहिले ते हलेचनात. इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे जुन्या घरांतून गणपती सांगायचा म्हणजे घरचा पाट कारागिराकडे नेऊन ठेवायचा, पाठीमागं खडूनं नाव घालून. कारागिरानं पाट ठेवून घेतला की तो परत येतो तो गणपतीसकटच. रिकामा पाट परत पाठवणं म्हणजे घरादाराला अपशकुन. आखणीकाकांनी उभ्या आयुष्यात एकदाही तसं केलं नव्हतं. पाट द्यायचे दिवस अर्थातच आषाढाच्या आगेमागे. मामांनी भाद्रपदातच पाट उचलला आणि काखेत मारला.

"पुढल्या वर्षीचा गणपती सांगितलास का गो?" त्यांनी हिला विचारलं.

"मामा, आत्ता तर विसर्जन झालं! पाट वाळला तरी नाय."

"वाळंल वाटेत. गणपतीचे पैसे आजच पुरे दे, आणि जमतील तेवढे वर दे. डोळे आपल्या माणसाच्या हातचे मिळतील."

मग आठ दिवस माझी गाडी, माझं पेट्रोल आणि पैसे ठेवायला मामांची ती डोळेवाली पेटी रोह्यापासून पेणपर्यंत घरोघर फिरली. मी रजा काढली होती. का काढली ते हेडमास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनीही आपला पाट दिला. मामांनी ठरवलं होतं, चव्वेचाळीस बसून, अकरा उभे, त्यावर एकही पाट घ्यायचा नाही. आजारी माणूस, किती आखणार? पण जन्मभर ज्यानं हात केलेला माणूस रस्त्यात सोडला नाही, तो दारात पाट घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला नाही कसं म्हणणार? अकरा उभ्यांचे साठ कधी झाले ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही. नागोठण्याला एका गृहस्थांनी पाट हातात धरून ठेवला आणि आम्ही आठ दिवस जे बोलायचं टाळत होतो ते सरळ विचारलं, "पण मामा, पुढल्या गणपतीपर्यंत तो माणूस राहील का?" मामांनी खडू काढला, पाटावर त्या गृहस्थांचं नाव घातलं आणि म्हणाले, "तिकीट फाडलं की पोचवायची जबाबदारी आमची."

शंभरावर पाट टेंपोत घालून आम्ही जोह्याला गेलो. अंगणात पाटांची चळत लागली तसे काका शेडमधून बाहेर आले. काय झालंय ते त्यांना एका नजरेत कळलं आणि ते संतापले. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "परत ने! माझं मरण तू गावोगाव विकलंस?" मामा म्हणाले, "नेतो ना. पण मी नाय उचलणार. एकेक पाट तू तुझ्या हातानं टेंपोत रिकामा ठेव, मी गप नेतो." काकी दारात तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. काका तरातरा आले आणि वरचा पाट उचलला. उलटा केला, नाव वाचलं. तो ठेवून दुसरा घेतला, त्याचंही नाव वाचलं. तिसरा हातात घेतल्यावर त्यांनी तो डोळ्यांसमोर आडवा धरला, एक डोळा मिटला, आणि म्हणाले, "हा कुणाचा? वाकडा हाय हा. मूर्ती डुलंल याच्यावर." काकांनी तो पाट भिंतीला लावून ठेवला. मग मामांकडे न बघता विचारलं, "ऑपरेशन कधी म्हणाला डॉक्टर?" मी टेंपोच्या मागं जाऊन रडून घेतलं. मामांनी टेंपोच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.

ऑपरेशन झालं. काका वाचले, वाचा मात्र गेली. अबोल माणूस, तेव्हा फरक काय पडणार, असं मामा सगळ्यांना सांगत फिरायचे आणि मग तोंड फिरवून उभे राहायचे. पुढल्या आषाढात जोह्याच्या कारखान्यांनी काकांना कच्च्या मूर्ती दिल्या, त्या पाटापाटावर बसल्या, आणि काका फक्त डोळ्यांपुरते कुंचला घेऊन बसले. एक डोळा झाला की हात मांडीवर ठेवून दम घ्यायचे. मामा रोज रोह्याहून यायचे, शेजारी पेटी घेऊन बसायचे आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचे. काकांनी त्यावर उपाय काढला. कुंचल्याच्या मागच्या टोकानं पेटीवर एक टक् म्हणजे बोलणं बंद. दोन टक् म्हणजे पुढची मूर्ती आण. चाळीस वर्षं दुसऱ्यांना घंटी मारणारा माणूस त्या एका टक्ला निमूट गप्प बसायचा. सगळे पाट चतुर्थीच्या आत आपापल्या घरी गेले. आमच्या गणपतीचा उजवा डोळा किंचित वर चढला होता. हिनं त्याबद्दल कुणाला बोलू दिलं नाही. विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी मामा ओले पाट गोळा करायला पुन्हा हजर! आता पैशाची गरज नव्हती, पण पाट द्यायला कुणी नाही म्हटलं नाही. तो हंगामही काकांनी पुरा केला आणि मामांनी तिसऱ्यांदा पाट गोळा केले.

यंदा वैशाखात आखणीकाका गेले. शेडमध्ये पाट नावांसकट भिंतीला लावलेले होते. जोह्याच्या कारखानदारांनी कुणी न सांगता ते आपसांत वाटून घेतले आणि चतुर्थीच्या आधी एकूण एक पाट गणपतीसकट घरी पोचवला. एकच राहिला, मामांचा. काकी म्हणाल्या, "भावजी, तुमच्यावरही एक बसवून देतात की. रिकामा कसा न्यायचा?" मामा म्हणाले, "माझा असू दे, वैनी." घरचा गणपती त्यांनी यंदा दुसऱ्या पाटावर बसवला.

विसर्जन झाल्यावर तो रिकामाच पाट आणायला मी त्यांना जोह्याला घेऊन गेलो. परतताना पाट मागच्या सीटवर आडवा ठेवला होता, बाकी गाडी मोकळी. मामा पुढं, मांडीवर पेटी. वडखळ आलं, त्यांनी पुकारलं नाही. नागोठणंही तसंच गेलं. निडीच्या फाट्यावर दोन पिशव्या घेऊन एक बाई उभी होती. तिनं हात केला आणि सवयीनं माझा पाय ब्रेकवर गेला. मी त्या एका टक्ची वाट बघत राहिलो. मामांनी मान वळवून मागच्या सीटवरच्या पाटाकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं आणि काच खाली केली.

"जागा नाय, ताई," ते म्हणाले.

मग त्यांनी पेटीवर बोटानं दोनदा वाजवलं आणि मी गाडी पुढं काढली.