कॅरी ऑन म्हणजे उचलून नेणे

आधी कप खाली ठेवा, मग ऐका. मागे एकाने हा किस्सा ऐकता ऐकता माझ्या पांढऱ्या शर्टावर चहाचा फवारा सोडला होता!

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी तेव्हा पारनेरच्या पुढे एका गावात हायस्कूलला इंग्रजी शिकवत होतो. गावाचं नाव विचारू नका. मला ओळखणारी चार माणसं तिथे अजून धडधाकट आहेत.

इंग्रजीच्या बाबतीत माझा तोरा फार. क्रियापदाच्या शेपटीला ते 'ऑन', 'ऑफ', 'आउट' लागतात ना, त्यांना पोरं जाम घाबरायची. मी त्यावर एक युक्ती काढली होती. म्हणायचो, "अरे, बेरीज करा! सिट म्हणजे बसणे, डाऊन म्हणजे खाली. सिट डाऊन, खाली बसा. कम म्हणजे येणे, इन म्हणजे आत. कम इन, आत या. आहे काय त्यात अवघड?"

पोरं धडाधड पास व्हायची. व्हायचीच! पेपर मीच काढायचो आणि तपासायचोही मीच.

तर, गावची विहीर आटलेली. दोन दिवसांआड टँकर यायचा, तो आला की हंड्यांची नुसती खणखण. अशात बातमी आली, कुठल्याशा परदेशी संस्थेची बोअरची गाडी आपल्या गावाला येणार! आणि खरंच, एका सकाळी ते धूड मारुतीच्या देवळाखालच्या माळावर येऊन उभं राहिलं. सोबत एक गोरा साहेब. नाव डेव्हिड. गावाने दुपारपर्यंत त्याचा देवीदाससाहेब करून टाकला.

साहेबाबरोबर मद्रासकडचे दोन कामगार होते. त्यांना मशीन कळायचं आणि तमिळ कळायचं, बाकी काही नाही. दुभाष्या होता, पण तो कावीळ होऊन नगरला पडलेला. सरपंच तात्या तडक शाळेत आले.

"मास्तर, तुमी हाय म्हनून बरं. न्हाईतर सायबासंगं बोलायचं कुनी?"

मी कॉलर सारखी केली. हेडमास्तरांनी रजा दिली. तांब्यात निखारे घालून शर्टाला इस्त्री केली आणि निघालो.

पहिले दोन दिवस झकास गेले. 'टी, सर?' 'येस.' 'व्हेरी हॉट, सर.' 'येस, व्हेरी.' गाव माझ्याकडे अशा नजरेनं बघत होतं, जणू विलायत मीच बांधलीय.

तिसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले. दीडशे फूट खाली गेले तरी काळा पाषाण संपेना. भोकातून नुसता धुरळा. साहेबाने कपाळाचा घाम पुसला आणि मला म्हणाला, "टेल देम, वुई विल कॅरी ऑन टिल टुमॉरो इव्हनिंग."

मी बेरीज केली. कॅरी म्हणजे उचलून नेणे. ऑन म्हणजे... गाडीवर. अजून कशावर?

मी गावाकडे वळलो. "साहेब म्हणतायत, उद्या संध्याकाळपर्यंत मशीन गाडीवर घालून घेऊन जाणार."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

"आन् पानी?"

"सर, वॉटर?" मी विचारलं.

साहेब अगदी मायेनं हसला. "डोन्ट वरी. वुई आर नॉट पुलिंग आउट."

पुल म्हणजे ओढणे. आउट म्हणजे बाहेर. यात शंका घेण्यासारखं काही आहे का, तुम्हीच सांगा!

"काळजी करू नका म्हणतात. पाणी बाहेर ओढणार नाहीत."

"मास्तर, यात काळजी न करन्यासारखं काय हाय?" तात्या ओरडले.

तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडावा की नाही? नाही पडला. उलट मी पदरचं घातलं, "परदेशी माणसं शेवटी. त्यांना आपली काय माया?"

झालं! भागूबाई म्हणून एक म्हातारी होती, साहेबाला रोज गुळाचा चहा पाजणारी. ती रिकामा हंडा घेऊन उठली आणि गाडीच्या पुढच्या चाकाला टेकून बसली. "मशीन जातंय कसं तेच बगते मी!"

तिच्या मागे आणखी बायका. बायकांच्या मागे पोरं. तात्यांनी पाच-सात बैलगाड्या आणवल्या, बैल सोडले आणि गाड्या रस्त्यावर आडव्या लावल्या. ती रांग पार मारुतीच्या देवळापर्यंत गेली. माणसं मशीनच्या इतकी जवळ आली की मद्रासी कामगारांनी घाबरून ते बंदच केलं.

साहेब चक्रावला. "व्हॉट आर दे अप टू?"

अप टू म्हणजे पर्यंत. हा तर पाचवीचा धडा! मी रांगेच्या टोकाकडे बोट केलं.

"अप टू द टेम्पल, सर!"

साहेबाने माझ्याकडे बघितलं, देवळाकडे बघितलं. मग काय समजला कोण जाणे, हॅट काढून मारुतीला वाकून नमस्कार केला. भागूबाई म्हणाली, "आता देवाच्या पाया पडून काय उपेग!"

पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. बायका हलेनात. साहेबाची बोटं घड्याळावर वाजायला लागली. शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला, "प्लीज! लेट्स गेट ऑन विथ इट!"

गेट ऑन म्हणजे चढणे. 'गेट ऑन द बस' मी शंभरदा फळ्यावर लिहिलेलं.

"साहेब म्हणतात, चला, आपण सगळे वर चढूया!"

"कशावर?"

"गाडीवर! दुसरं काय आहे इथे?"

गावाला वाटलं, साहेब सगळ्यांना घेऊन सरकारकडे दाद मागायला निघालाय. तीसेक माणसं त्या गाडीवर चढली. कुणी फळीवर, कुणी टपावर, एक जण तर मशीनच्या लोखंडी मनोऱ्याच्या मध्यावर. भागूबाई हंडा मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या जागेवर! साहेब दगडावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

तेवढ्यात सखारामनाना आले. नाना नगरच्या कँपात पलटणीच्या मेसमध्ये वीस वर्षं स्वयंपाकी होते, पेन्शनीत निघून गावी आलेले. शाळेची पायरी कधी चढले नव्हते. रेशनच्या ज्वारीचं पोतं खांद्यावर. त्यांनी वर लटकलेलं गाव बघितलं आणि पोतं खाली टाकलं.

"काय चाललंय ह्ये?"

"मशीन उचलून न्हेत्यात, नाना!"

"कोन म्हनलं?"

सगळ्यांची बोटं माझ्याकडे. नाना माझ्याजवळ आले. "मास्तर, सायेब काय म्हनला? त्येचं बोलनं जसंच्या तसं सांगा."

"म्हणाला, कॅरी ऑन टिल टुमॉरो इव्हनिंग."

मग साहेबापुढे जाऊन त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. "साब! कॅरी ऑन?"

साहेब ताडकन उठला. बुडत्याला दोर मिळावा तसा! "येस! येस! कॅरी ऑन!"

नाना गावाकडे वळले. "आरं, उतरा खाली येड्यांनो! कॅरी ऑन म्हंजी काम चालू ठिवा! मेसमधी मोठा सायेब आला की आमी बटाटे सोडून उभं ऱ्हायचो. त्यो म्हनायचा, कॅरी ऑन. की आमी पुन्हा बटाटे सोलायला! त्या टायमाला बटाटे उचलून न्हेलं असतं, तर मला तुरुंगात घातला असता!"

एकेक जण खाली उतरला. मला वाटलं, आता मार पडणार. मार परवडला असता हो! सगळं गाव हसायला लागलं. मनोऱ्यावरचा तर इतका हसला की त्याला उतरवायला दोन माणसं लागली.

भागूबाई तेवढी हसली नाही. हंडा सावरत माझ्यापुढे उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मास्तर, आमची पोरं तुमच्याकडं ह्येच शिकत्यात व्हय?"

ते मात्र लागलं. अजूनही लागतं. साहेब बिचारा 'काम सोडून जात नाही, यांचं काय चाललंय, काम पुढे चालू द्या' एवढंच म्हणत होता. सरळ विचार करा, नाना रेशनच्या दुकानात तासभर अडकले असते तर? वैतागून साहेब खरंच निघून गेला असता, आणि गावाचं पाणी माझ्या इंग्रजीनं पळवलं असतं.

मशीन परत सुरू झालं. दुभाष्या म्हणून नाना, आणि मी मेसमधल्या हाताखालच्या माणसासारखा चहाची किटली घेऊन उभा. दुसऱ्या दिवशी दुपारी भोकातून उडणारा धुरळा ओला झाला. मग चिखल. मग पाण्याची अशी पिचकारी उसळली की कामगार, साहेब, सरपंच, सगळे एकाच रंगाचे झाले. भागूबाईने पहिला हंडा भरला आणि त्यातलं ओंजळभर पाणी साहेबाच्या हातावर घातलं. मी लिंबाच्या झाडाआडून बघत होतो. डोळे भरून आले होते, पण पुढे जायची हिंमत होत नव्हती.

सोमवारी वर्गात सांगून टाकलं, "ती बेरीज विसरा. मी चुकीचं शिकवलं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, इंग्रजीच रद्द झालं.

साहेब जायला निघाला तेव्हाही मी लिंबाआडच होतो, त्याने मला शोधून काढलं. माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "इन ऑल माय ट्रॅव्हल्स, आय हॅव नेव्हर कम अक्रॉस अ मॅन लाइक यू!"

काय करता, सवय! बेरीज आपोआप झाली. कम म्हणजे येणे. अक्रॉस म्हणजे आडवा. 'इतका फिरलो, पण तुझ्यासारखा माणूस कधी आडवा आला नाही!' माझा चेहरा पडला. मी म्हणालो, "सॉरी, सर." तो हसत हसत गाडीत चढला.

नानांना विचारलं तर ते म्हणाले, "मेसमधी ह्ये कुनी कवा म्हनलं न्हाई." म्हणून शाळेत जाऊन शब्दकोश काढला. त्यात अर्थ होता, भेटणे. म्हणजे तो माझं कौतुक करत होता!

मी शब्दकोश मिटला. आयुष्यात त्या एकाच वेळी मला वाटलं, छे, इथे शब्दकोशच चुकलाय. माझाच अर्थ बरोबर आहे.