पहिला ॲम्प्लिफायर

माइक दुरुस्तीला घेऊन मी जालन्यातल्या साउंडच्या दुकानात बसलो होतो. शेजारी एक म्हातारा स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवून आयुष्यातला पहिला ॲम्प्लिफायर पारखत होता. तार छेडायचा आणि सूर विरेपर्यंत डोळे मिटून ऐकायचा.

“चाचा, ईको घ्या. सगळा मंडप घुमंल,” दुकानदार म्हणाला.

“घुमला की बायकोचे शब्द बुडतेत. पायानं आवाज वाढवायचं पेडल दे. गाताना तिचा दम तुटतो, तिथं मला सूर लांबवायचाय.”

“मंग चाचीलाच आणा की ऐकायला!”

“न्हाई. तिला वाटतं, दम अजून पुरून राह्यलाय.”

मी आजवर बायकोची एकही चूक न सांगता सोडलेली नाही. दुकानदाराने पेडल जोडलं. म्हाताऱ्याने त्यावर पाय दाबला आणि विरत आलेला सूर पुन्हा उभा राहिला.